हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

लालबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी राहतात. नात्याच्या नव्हेत, गल्लीच्या. यजमान बुऱ्हाणपुरातल्या एका कापडाच्या पेढीवर मुनीम होते. तेव्हा पेन्शनचा प्रश्नच नाही. जाताना ते एक घर मागे ठेवून गेले. पुढे दोन खोल्या आणि मागे परसात दोन बिऱ्हाडांपुरती ओळ. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी रावेरला दिलेली. परसातल्या दोन बिऱ्हाडांच्या भाड्यावर मावशींचा किराणा, विजेचे बिल आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालतात. कोर्टाच्या कागदात मात्र त्या 'मकान मालिक' आहेत, आणि हा शब्द कानी पडला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गळ्यात सोन्याची साखळी घातलेला, पान चघळणारा एक गृहस्थ उभा राहतो.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या बिऱ्हाडातला गृहस्थ ओटीवर न चढता अंगणातूनच म्हणाला, "मावशी, आता भाडं घ्यायचं नाही असा सरकारचा हुकूम आहे. टीव्हीवर सांगितलं." हा मराठी माणूस. एका खाजगी कचेरीत कारकून. पगार बँकेत जमा होणारा, आणि टाळेबंदीतही जमा होत राहिलेला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या बिऱ्हाडातला, लूमवर काम करणारा कामगार आला. त्याच्या घरची भाषा उर्दू. लूम बंद, म्हणून आठवड्याची मजुरी बंद. त्याने पाचशेची नोट ओटीवर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाला, "मौसी, अभी इतना ही है. बाकी लिख के रखो." मावशींनी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवले.

लूमवाल्याची बाकी 2021 च्या दिवाळीपर्यंत फिटली. कधी तीनशे, कधी सातशे, असे करीत त्याने ती फेडली. पहिल्या बिऱ्हाडाने 2025 च्या जूनपर्यंत एक छदामही दिला नाही. महिना 2,200 रुपये, असे 63 महिने. या 63 महिन्यांत त्यांच्या दारात नवी मोटारसायकल आली, मुलीचे बारसे झाले, आणि बारशाचे पेढे मावशींना आठवणीने मिळाले.

मावशींनी मला हे सांगितले तेव्हा मी त्यांनाच रागावलो. पण रागावण्याजोगी माणसे त्यांच्याशिवाय पुष्कळ आहेत, आणि त्यांत आपण सगळेच आहोत, म्हणून हा लेख.

* * *

आधी तो टीव्हीवरचा हुकूम पाहू. 29 मार्च 2020 रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली एक आदेश काढला. पायी गावाकडे निघालेल्या मजुरांचे तांडे थांबावेत हा त्याचा हेतू. त्यात म्हटले होते की, भाड्याच्या जागेत राहणाऱ्या कामगारांकडे, त्यांत परप्रांतीय मजूरही आले, घरमालकांनी एक महिन्यापुरती भाड्याची मागणी करू नये. आणि मजूर किंवा विद्यार्थी यांना कोणी घर सोडायला भाग पाडले तर त्याच्यावर कारवाई होईल. महाराष्ट्रात गृहनिर्माण विभागाने 17 एप्रिल 2020 रोजी घरमालकांना सांगितले की, भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलावी आणि तेवढ्या काळात थकबाकीसाठी कोणाला घराबाहेर काढू नये.

वाचकहो, या दोन आदेशांत 'माफ' हा शब्द कोठे आहे? एका ठिकाणी एक महिना, दुसऱ्या ठिकाणी तीन महिने, आणि तेही 'पुढे ढकला' असे. परंतु आदेश दिल्लीहून लालबागेला पोचेपर्यंत त्याचे रूप पालटले. मजुरांसाठीचा तो सगळ्यांसाठी झाला, एका महिन्याचा तो बेमुदत झाला, आणि 'मागू नका' चे 'देऊ नका' झाले. मंत्रालयाने एक वाक्य लिहिले आणि ज्याला जसे सोयीचे तसे त्याने ते वाचले.

न्यायालयांनी हा अर्थ मुळीच मान्य केला नव्हता. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानदाराने टाळेबंदीचे कारण सांगून भाडे थांबवण्याची परवानगी मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 21 मे 2020 रोजी त्याचे म्हणणे फेटाळले. जागा ताब्यात ठेवायची असेल तर भाडे द्यावे लागेल; फार तर ते भरायला थोडी सवड मिळेल, असा त्या निकालाचा मथितार्थ. पण खान मार्केटचा निकाल लालबागेच्या ओटीवर कोण वाचणार? तेथे 'टीव्हीवर सांगितलं' हाच निकाल.

* * *

आता दुसरी बाजू. ती न मांडता मी पुढे गेलो तर हा लेख घरमालकांच्या संघटनेचे पत्रक होईल, आणि मला ते लिहायचे नाही.

घर खाली करण्यावर निर्बंध कोणी लहरीने घातलेले नाहीत. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली, आणि 1918 मध्ये पहिला भाडे नियंत्रण कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तीच गत. आपला निमाड तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. 1946 चा कायदा आणि त्याखालचा 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश नागपूर-अमरावतीला जसा लागू झाला, तसा बुऱ्हाणपूरलाही. भाडेकरूला नोटीस देण्याआधीच मालकाने भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी असा त्याचा दंडक होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. वऱ्हाड-नागपूर एका बाजूला गेले, आपण दुसऱ्या बाजूला राहिलो. अपिलासाठी आपल्या आजोबांनी नागपूरची गाडी सोडून जबलपूरची धरली. विदर्भात तो 1949 चा आदेश महाराष्ट्राचा नवा कायदा 31 मार्च 2000 ला अमलात येईपर्यंत चालला. आपल्याकडे 1961 मध्येच मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम आला.

या सगळ्या कायद्यांची गरज होती. लालबागेला तर ती विशेष होती. बुऱ्हाणपूरचे स्टेशन लालबागेत, ताप्ती मिल लालबागेत. त्यामुळे बाहेरचा माणूस गाडीतून उतरला की आधी इथेच बिऱ्हाड शोधायचा. ज्याच्या हाती चार खोल्या तो राजा, अशी तेव्हाची स्थिती. आज मर्जी झाली की काढ, उद्या दुसऱ्याने दोन रुपये जास्त दिले की काढ, असे ज्यांच्या बाबतीत घडू शकत होते ते आपल्याच लोकांचे आईबाप होते. 2020 च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या थांबल्या, त्यांत ताप्ती मिलही होती. त्या महिन्यांत गिरणीतल्या किंवा लूमवरच्या माणसाला रस्त्यावर काढणारा मालक माझ्या लेखी माणूस नव्हता. त्याला अडवणारा आदेश योग्यच होता.

तेव्हा माझे भांडण निर्बंधाशी नाही. निर्बंधाच्या आडोशाला जाऊन जो बसला त्याच्याशी आहे. देता येत नाही म्हणून न देणारा आणि काढता येत नाही म्हणून न देणारा, या दोघांना एकाच पंगतीला बसवण्याशी आहे. पहिल्याच्या वाट्याची सहानुभूती दुसरा खाऊन जातो, आणि पुढच्या वेळी खरोखर अडचणीतला माणूस दारात उभा राहिला की मावशी त्याच्याकडेही संशयाने पाहतात. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

* * *

"कायदा भाडेकरूच्याच बाजूचा आहे, काय करणार?" हे वाक्य आपल्याकडे इतके घोकले गेले आहे की, कायदा वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. मी तो वाचला. 1961 च्या अधिनियमाचे 12 वे कलम मालकाला दावा लावण्याची कारणे मोजून देते, आणि त्यातले पहिलेच कारण थकबाकी आहे. मालकाने थकलेल्या भाड्याची रीतसर नोटीस द्यावी. ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूने सगळी बाकी चुकती केली नाही तर दावा लावता येतो. 13 वे कलम त्याहून कडक आहे. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत भाडेकरूने मागची बाकी कोर्टात भरावी किंवा मालकाला द्यावी, आणि त्यानंतर दाव्याचा निकाल लागेपर्यंत दर महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरत राहावे. भरले नाही तर कोर्ट त्याचा बचावच खोडून काढू शकते.

भरले तर? भरले तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. एकदा चुकला, पैसे भरले, कायद्याने त्याला जवळ केले. परंतु ही माफी एकदाच. तिचा लाभ घेऊन पुन्हा लागोपाठ तीन महिने थकवले तर ती मिळत नाही. यात अन्याय कोठे आहे? माझ्या मते हे कलम एखाद्या शहाण्या आजोबांनी लिहावे तसे आहे. उलट बाजूनेही पाहा. मालक मुद्दाम भाडे घेत नसेल, भाडेकरूला थकबाकीदार ठरवण्यासाठी तोंड फिरवत असेल, तर भाडेकरूला ते सरकारी प्राधिकाऱ्याकडे जमा करण्याची वाट या कायद्यात आहे. म्हणजे देण्याची इच्छा असणाऱ्याला कायदा कोठेही उघडा पाडत नाही.

मग घोडे अडते कोठे? तारखांमध्ये. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ज्याने केली त्याच्या नावावर किती घरे बुडाली असतील कोण जाणे. लबाड माणूस कायद्यावर विसंबून नसतो. तो विसंबून असतो दिरंगाईवर. एक पेशी, दुसरी पेशी, वकीलसाहेब आजारी, साहेब रजेवर, आणि मावशींचे वय सत्तरीपुढे. त्याला दावा जिंकायचाच नसतो. तो लांबला की त्याचे काम झाले.

आणि एक ठिकाण असे आहे जेथे कायदाही चुकला, असे मी स्पष्ट म्हणतो. 1983 मध्ये या अधिनियमात दुरुस्ती होऊन तिसरा-अ अध्याय घातला गेला. त्यातल्या तरतुदींप्रमाणे विधवा, सेवानिवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा काही मालकांना दिवाणी कोर्टाऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्यापुढे झटपट दाद मागता येते. ऐकायला किती चांगले! पण ही वाट मोकळी आहे ती जागा स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी हवी असेल तेव्हा. मावशी विधवा आहेत, पण त्यांना परसातली खोली राहायला नको आहे. त्यांना खोलीचे भाडे हवे आहे. ज्या विधवेला खोली हवी तिला जवळचा रस्ता, आणि जिचे पोट त्या खोलीच्या भाड्यावर चालते तिने दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता धरावा, हे कोणत्या न्यायात बसते? सुधारायचेच असेल तर आमदारसाहेबांनी इथून सुरुवात करावी.

* * *

आता या लेखाच्या मथळ्याकडे येतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून दान सोडण्याची आपल्या राज्यकर्त्यांची रीत जुनी आहे. मिठाई हलवायाची, पुण्य दान सोडणाऱ्याचे. टाळेबंदीत सरकारने सांगितले, 'भाडे मागू नका.' ठीक. मजुराच्या डोक्यावरचे छप्पर टिकले पाहिजे, यात दुमत नाही. पण त्या छपराचा महिन्याचा खर्च कोणी उचलायचा? उचलला तो मावशींनी. त्यांचे विजेचे बिल, नगरपालिकेचा कर, औषधवाल्याची उधारी, यांपैकी काय कोणी माफ केले?

दिल्लीत तर गंमतच झाली. त्याच 29 मार्च 2020 ला तिथल्या मुख्यमंत्र्यांनी, अरविंद केजरीवालांनी, पत्रकार परिषदेत सांगितले की, गरीब भाडेकरूला भाडे देता येत नसेल तर ते सरकार भरेल. भाडेकरू आणि घरमालक दोघेही कोर्टात गेले. 22 जुलै 2021 ला उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी म्हटले की, मुख्यमंत्र्यांचे हे आश्वासन पाळण्याजोगे आहे, सरकारने त्यावर निर्णय घ्यावा. सरकार लगेच अपिलात गेले, आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली. दिलेला शब्द पाळावा लागू नये म्हणून वकील उभे करायला सरकारजवळ पैसे होते.

बाहेरच्या देशांत काय झाले तेही पाहू. जर्मनीने 2020 च्या एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांचे भाडे साथीमुळे थकले तर तेवढ्यावरून घर सोडायला लावता येणार नाही असा कायदा केला. पण भाडे देणे लागतेच, आणि बाकी फेडायला 30 जून 2022 पर्यंत मुदत, असेही त्याच कायद्यात ठेवले. म्हणजे छप्पर राखले आणि हिशेबही राखला. अमेरिकेत सप्टेंबर 2020 पासून घर खाली करण्यावर देशभर बंदी आली. ऑगस्ट 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. परंतु त्या काळात तिथल्या संसदेने भाड्याच्या मदतीसाठी सुमारे 46 अब्ज डॉलर मंजूर केले. ते वाटताना पुष्कळ घोळ झाले, उशीर झाला, हे खरे; तरी भाडेकरूला बसू द्यायचे तर मालकाचे भाडे सरकारने द्यायचे, एवढे तत्त्व त्यांना कळले होते. आपल्याकडे तत्त्वही नव्हते आणि तिजोरीही उघडली नाही.

2 जून 2021 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राज्यांसाठी आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला. त्यात आपत्तीच्या काळासाठी एक शहाणे कलम आहे. कराराची मुदत आपत्ती चालू असताना संपली तर ती आपत्ती सरल्यावर एक महिन्यापर्यंत भाडेकरूला राहू द्यावे, पण पूर्वीच्याच अटींवर. पूर्वीच्या अटी म्हणजे पूर्वीचे भाडे. हा नमुना स्वीकारायचा की नाही हे ज्या त्या राज्याने ठरवायचे आहे. पण 'राहू द्या' आणि 'भाडे द्या' ही दोन वाक्ये एकाच ओळीत लिहिता येतात एवढे तरी त्यातून दिसते.

मुंबईच्या चाळमालकांचे दाखले देऊन कोणी मला सांगेल की, मालक कधी बुडत नाही. मुंबईची कथा वेगळी. तिथे 1947 च्या कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या दरावर गोठवली, आणि पन्नास वर्षे ती तशीच राहिली. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, काळाबरोबर ही तरतूद अवाजवी आणि मनमानी झाली आहे. तोवर मालकांनी डागडुजी सोडली होती, चाळींना टेकू लागले होते, आणि पावती फाडण्याऐवजी पागडीचे व्यवहार टेबलाखालून चालू होते. भाडे बुडाले की शेवटी भिंतही पडते, आणि ती मालकाच्या नव्हे, आत झोपलेल्या भाडेकरूच्या अंगावर पडते. मुंबईने हा धडा पन्नास वर्षांत शिकला. आपण तो फुकट शिकू शकतो.

* * *

आता आपले स्वतःचे माप आपल्या पदरात घालू.

मावशींकडे पहिल्या बिऱ्हाडाचा भाडेकरार नव्हता. का नव्हता? "आपलाच माणूस. मराठी. कागद कशाला मागायचा? बरं दिसतं का?" लूमवाल्याकडून मात्र त्यांनी आधी दोन महिन्यांचे डिपॉझिट घेतले, आधारकार्डाची प्रत घेतली, मुलाकडून पुण्याहून कराराचा मसुदा मागवून त्यावर सही घेतली. का? तर तो 'त्यांच्यातला'. ज्याच्याकडून सगळे कागद घेतले त्याने पै-पै चुकती केली. ज्याला आपला म्हणून मोकळे सोडले त्याने 63 महिने थकवले. मी याचा उलटा नियम करू पाहत नाही. हिंदी बोलणाऱ्यांत बुडवे आहेत, मराठीतही आहेत, आणि दोन्हींकडे प्रामाणिक माणसे आहेत. सीमेवरच्या जिल्ह्यात राहून आपण दोन भाषा शिकलो, पण व्यवहारात अजून भाषा पाहून माणूस तोलतो. थकबाकीला मातृभाषा नसते, वाचकहो. पण भिडेला असते, आणि तीच आपल्याला बुडवते.

कोणी थकवले की आपल्याकडे दुसरा विकार उफाळतो. "पाणी तोडा, वीज कापा, चार पोरं पाठवा." हे बोलणारे मी आमच्या गल्लीतच ऐकले आहेत. असे करणारा मालक त्याच क्षणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडायला या कायद्याने बंदी आहे. आणि समोरच्या घरात लहान मूल असेल तर कायद्याच्या आधी आपली लाज आडवी यावी. तिसरी एक खुळचट समजूत अशी की, बारा वर्षे झाली म्हणजे घर भाडेकरूचे होते. होत नाही. भाडेकरू म्हणून जो आत आला तो भाडेकरूच राहतो. केवळ वर्षे मोजून तो मालक होत नाही. ही समजूत धरून कित्येक मालक अकराव्या वर्षी भल्या भाडेकरूलाही बाहेर काढतात. यात दोघांचेही नुकसान.

आणि चौथी गोष्ट, जी मावशींना भोवली. मागितले नाही म्हणून भाडे जागच्या जागी साचून राहत नाही. थकलेले भाडे वसूल करण्याची मुदत तीन वर्षांची आहे. साथीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता. ती सवलतही केव्हाच संपली. मावशी वकिलाकडे गेल्या त्या 2025 च्या जूनअखेर. एकूण बाकी 1,38,600 रुपये. वकीलसाहेबांनी हिशेब मांडला आणि सांगितले, "मावशी, मागच्या तीन वर्षांचं मागता येईल. 36 महिन्यांचे 79,200. आधीचं गेलं." म्हणजे 59,400 रुपये त्या गृहस्थाने बुडवले असे म्हणावे, की आपल्या भिडेने? भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नव्हे.

* * *

नोटीस गेली. पोस्टाची पावती मावशींनी देवघरात ठेवली. नवव्या दिवशी गृहस्थ ओटीवर आला. पाच वर्षांत पहिल्यांदा चढला. हातात दहा हजार रुपये. म्हणाला, "मावशी, आपल्यात कोर्टाची भाषा कशाला? घरातलं घरात मिटवलं असतं."

मावशींनी पैसे मोजले, वहीत तारीख घालून लिहिले, त्याची सही घेतली आणि पावती दिली. मग म्हणाल्या, "घरातलं घरातच होतं रे पाच वर्षं. मिटलं का?"

पुढचे पैसे हप्त्याहप्त्याने येत आहेत. ते 59,400 येणार नाहीत. मी त्याला त्याबद्दल गल्लीत गाठून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "कायद्यानं देणं लागत नाही ना?" ज्याने पाच वर्षे कायदा म्हणजे टीव्हीवर ऐकलेले एक वाक्य असे मानले, त्याला आता कलम अचूक पाठ होते.

म्हणून दिवाळीच्या या अंकात, लक्ष्मीपूजनाला वह्या उघडण्याच्या दिवसांत, माझे सांगणे थोडके आहे. भाडेकरू मराठी असो की हिंदी, नात्याचा असो की परका, करार कागदावर करा आणि दर महिन्याची पावती द्या. ज्याला खरोखर देता येत नाही त्याला सवड द्या, पण सवड किती आणि बाकी किती हे वहीत लिहून दोघांनी सही करा. लूमवाल्याने स्वतः होऊन सांगितले होते तसे, 'लिख के रखो'. दुसरा महिना थकला की विचारा, तिसरा थकला की रीतसर नोटीस द्या. नोटीस म्हणजे भांडण नव्हे. पाणी-विजेला हात लावू नका. जे भाडेकरू आहेत त्यांना माझे सांगणे आहे की, निर्बंध तुमच्या छपरासाठी आहे. त्याच्या आडून दुसऱ्याच्या ताटातला घास उचलू नका, कारण उद्या खरी अडचण येईल तेव्हा तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि सरकारला सांगणे असे की, पुढच्या आपत्तीत दया जरूर दाखवा, पण तुळशीपत्र आपल्या स्वतःच्या घरावर ठेवा.

परसातल्या दुसऱ्या बिऱ्हाडात लूमवाला अजून राहतो. गेल्या वर्षी मावशींनी आपण होऊन विचारले, "भाडं शंभरानं वाढवू का?" तो म्हणाला, "वाढवा मौसी, महँगाई तुमच्या घरी पण आहे." अर्धे मराठी, अर्धे हिंदी, लालबागेची भाषा आहे ती. शंभर रुपये वाढले, वहीत लिहिले गेले, आणि त्या महिन्याची पावतीही फाटली.